पुतळा संपवण्याचा अधिकार

कार्निव्हलच्या शनिवारी दुपारी वायव्य अर्जेंटिनातल्या हुहुय प्रांतात, उमावाकाच्या दरीत, गावोगावचे नाचणाऱ्यांचे मेळे आपापल्या दगडांच्या राशीपाशी जमतात. ती रास कागदी फितींनी आणि फुलांनी सजवलेली असते. तिच्या तोंडाशी जमीन उकरली जाते. धरणीमातेला, पाचामामाला, कोकाची पाने, मक्याची ‘चिचा’ नावाची दारू, वाइन आणि बिअर वाहतात. पेटवलेल्या सिगारेटी मातीत उभ्या खोचतात. मग वर्षभर जमिनीत असलेला एक छोटा सैतानाचा बाहुला वर काढला जातो, फटाके उडतात आणि आठवडाभराचा उत्सव सुरू होतो. आरशांचे तुकडे, घुंगरे आणि लांब शेपट्या लावलेले सैतान आवाज बदलून बोलतात, कारण ओळख लपवायची असते. मेळे दारोदार जातात, घरवाले त्यांना खाऊपिऊ घालतात. राखेच्या बुधवारनंतरच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी तोच बाहुला पुन्हा मातीत जातो. त्या वेळी मोठी माणसे उघडपणे रडतात.

सैतानाला निरोप देताना कोणी रडते का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण अशा पुतळ्यांकडे कसे पाहत आलो आहोत, हेही तपासावे लागते. जगभरच्या उत्सवांतले पुतळे समजून घेण्याची एक ठरलेली पद्धत आहे. जेम्स फ्रेझर यांनी 1890 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या ‘द गोल्डन बाउ’मध्ये युरोपातल्या ‘कार्निव्हलच्या अंत्यविधी’ची असंख्य उदाहरणे गोळा केली. गवताचा माणूस करायचा, त्याची धिंड काढायची, त्याच्यावर खटला चालवायचा, मग त्याला जाळायचे किंवा बुडवायचे. फ्रेझर यांच्या मते सरत्या ऋतूचे मरण आणि गावावरची पीडा ही त्या बाहुल्यावर लादून हद्दपार केली जात असे. पुढे समाजशास्त्रज्ञांनी त्यात भर घातली, की असे उत्सव लोकांच्या साचलेल्या असंतोषाला वाट करून देतात आणि सत्ता सुरक्षित राहते. दोन्ही स्पष्टीकरणांत पुतळा नकोशा गोष्टीचा वाहक ठरतो. त्याचे काम नाहीसे होण्याचे.

अँडीजच्या डोंगररांगांत हे स्पष्टीकरण अपुरे पडते, असे माझे म्हणणे आहे. तिथला सजवलेला पुतळा माणूस आणि जमीन यांच्यातल्या देण्याघेण्याचा भागीदार असतो. त्याला खाऊ घालणे, नटवणे, पुरणे आणि कधी जाळणे हे सगळे त्या देण्याघेण्याचे टप्पे आहेत. म्हणून या परंपरेचा वारसा जपायचा म्हणजे पुतळा टिकवायचा असे होत नाही. तो घडवणाऱ्यांच्या हातात त्याला खाऊ घालण्याचा आणि संपवण्याचा अधिकार राहिला पाहिजे. आज जगभर वारशाच्या नावाने जे चालले आहे, त्यात हा अधिकारच सर्वांत आधी हातातून निसटतो.

पहिली गोष्ट ऋतूची. कार्निव्हल लेंटच्या उपवासकाळाच्या तोंडावर येतो, फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला. युरोपात तेव्हा थंडी सरत आलेली असते. जुने जाळून नव्याला जागा करून देणे तिथल्या निसर्गाशी जुळते. स्पॅनिश लोकांनी हे पंचांग विषुववृत्ताच्या दक्षिणेला नेले, आणि तिथे तोच सण भर पावसात येऊन पडला. मध्य आणि दक्षिण अँडीजमध्ये डिसेंबर ते मार्च हे पावसाचे महिने. कार्निव्हलच्या सुमारास बटाट्याच्या रोपांना फुले आलेली असतात, पहिले कोवळे बटाटे आणि पावट्यासारख्या शेंगा हाताशी येतात, मका भरू लागतो. ज्या दिवसांत शेत भरत आहे त्या दिवसांत कोणाला हाकलायचे? उलट ज्याच्यामुळे शेत भरले त्याला बोलवायचे, त्याचे आभार मानायचे. बोलिव्हियातले आयमारा शेतकरी या दिवसांत ‘आनाता’ साजरा करतात. नांगरलेल्या जमिनीवर, झाडांवर आणि जनावरांच्या अंगावर रंगीत फिती बांधतात, आणि ‘तार्का’ नावाची लाकडी बासरी वाजवतात. ही बासरी पावसाळ्याची. कार्निव्हल संपला की ती बाजूला ठेवायची आणि कोरड्या हंगामाची वाद्ये काढायची, असा जुना दंडक अनेक गावांत अजून पाळला जातो.

मानववंशशास्त्रज्ञ ऑलिव्हिया हॅरिस यांनी उत्तर पोतोसी भागातल्या लायमी लोकांत राहून जे टिपले, त्याने हे चित्र आणखी स्पष्ट होते. तिथल्या समजुतीनुसार नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सर्व संतांच्या दिवशी, मेलेली माणसे परत येतात आणि पावसाळाभर पिकांच्या मदतीला राहतात. कार्निव्हल हा त्यांना निरोप देण्याचा सण. या मृतांचा आणि गावकरी ज्यांना सैतान म्हणतात त्यांचा जवळचा संबंध आहे. पाद्र्यांनी दिलेले नाव लोकांनी घेतले, पण त्या नावाखाली आपले पूर्वजच ठेवले. हे ध्यानात घेतले की उमावाकाच्या रविवारच्या रडण्यात काही विचित्र उरत नाही. शेतावर राबून गेलेल्या घरच्या माणसाला निरोप देतानाचे ते रडणे आहे.

दुसरी गोष्ट इतिहासाची. माणसाची आकृती नटवून, खाऊ घालून मिरवणे अँडीजमध्ये स्पॅनिशांच्या आधीपासून होते. इंका राजांची जतन केलेली शवे उंची वस्त्रे नेसवून बाहेर आणली जात, त्यांच्यापुढे अन्न आणि चिचा ठेवली जाई. 1615 च्या सुमारास ग्वामान पोमा दे आयाला या देशी लेखकाने स्पेनच्या राजासाठी लिहिलेल्या प्रचंड सचित्र हस्तलिखितात नोव्हेंबर महिन्याचे चित्र काढले आहे. त्यात नटवलेल्या मृताला पालखीत बसवून नेत आहेत. चर्चला यात मूर्तिपूजा दिसली. डिसेंबर 1609 मध्ये लिमाच्या मुख्य चौकात डोंगराळ भागांतून जमा करून आणलेल्या पूज्य वस्तू आणि पूर्वजांची शवे जाहीरपणे जाळण्यात आली. 1621 मध्ये जेझुइट पाद्री पाब्लो होसे दे आर्रियागा यांनी हे उच्चाटन कसे करावे याचे पुस्तकच लिहिले. त्याच लिमात 1570 पासून इन्क्विझिशनचे न्यायालय होते, आणि फरार किंवा मृत आरोपींचे पुतळे जाळण्याची शिक्षा तेही देत असे.

म्हणजे जळणारा पुतळा अँडीजच्या लोकांनी दोन रूपांत पाहिला आहे. एका रूपात सत्ता दुसऱ्याचे दैवत जाळते, आणि त्या आगीनंतर त्या लोकांनी काहीच उभे करू नये अशी तिची इच्छा असते. दुसऱ्या रूपात गाव आपलाच पुतळा जाळते किंवा पुरते, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा उभा करणे स्वतःवर बांधून घेते. आग दोन्हीकडे सारखीच. पण ती कोणी लावली आणि नंतर काय करण्याचा हक्क कोणाला उरला, यावर सारे ठरते. हा भेद नजरेआड केला, तर पुतळ्यांबद्दलची चर्चा रंग आणि आकारांपलीकडे जात नाही.

देण्याघेण्याचे हे नाते सर्वांत उघडपणे दिसते ते बोलिव्हियाच्या खाणींत. ओरुरो आणि पोतोसीच्या बोगद्यांमध्ये ‘तीओ’चा मातीचा पुतळा बसलेला असतो. त्याला शिंगे असतात, डोळे चमकते असतात आणि सिगारेट ठेवता येईल असे उघडे तोंड असते. पोतोसीचा चांदीचा डोंगर स्पॅनिशांना 1545 मध्ये सापडला, आणि पुढच्या काही दशकांत लांबलांबच्या खेड्यांतून माणसे सक्तीने तिथे राबायला आणली गेली. जमिनीवर चर्चचा देव आणि जमिनीखाली तीओ, अशी वाटणी खाणकामगारांनी केली. धातू तीओच्या मालकीचा. शिरा दाखवणारा तो आणि छत कोसळले तर जीव घेणाराही तोच. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच्यापाशी बसून कोका चघळायचा, त्याला दारू पाजायची, सिगारेट पेटवून द्यायची. कार्निव्हलच्या शुक्रवारी त्याला कागदी फितींनी मढवतात आणि अनेक ठिकाणी लामा या प्राण्याचा बळी देतात. अमेरिकन संशोधक जून नॅश यांनी 1979 च्या पुस्तकात ओरुरोच्या कामगारांचे हे जग मांडले. त्यांच्या लिखाणातून एक गोष्ट ठसते: तीओपाशी एकत्र बसणे ही कामगारांच्या एकजुटीची जागा होती, संघटनेच्या गोष्टीही तिथे निघत. मायकल टाउसिग यांनी पुढच्याच वर्षी असा मुद्दा मांडला की हा सैतान म्हणजे मजुरीवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेवरची कामगारांची टीका आहे. टाउसिग यांचा सिद्धांत वादग्रस्त ठरला, आणि मलाही तो पूर्ण पटत नाही. कामगार तीओला भांडवलाचे रूपक म्हणून खाऊ घालत नाहीत. ते आपण त्याचे देणेकरी आहोत म्हणून त्याला खाऊ घालतात, कारण जमिनीतून फुकट काही काढता येत नाही यावर त्यांचा ठाम विश्वास आहे.

या विश्वासाचे पुढे काय झाले तेही पाहावे लागते. 1985 मध्ये कथिलाचा जागतिक भाव कोसळला, बोलिव्हियाच्या सरकारने सरकारी खाणी आवरत्या घेतल्या आणि वीस हजारांहून अधिक कामगारांना खाणी सोडाव्या लागल्या. बंद बोगद्यांतले पुतळे कोणी फोडले नाहीत. ते होते तिथेच राहिले, पण खाऊ घालणारे हात गेले. आज ओरुरोत सोकावोनच्या कुमारी मातेच्या चर्चखालच्या संग्रहालयात जुन्या खाणीतला तीओ पाहता येतो. त्या पुतळ्याला काही धोका नाही. पण धातूच्या बदल्यात ज्याने त्याला काही द्यायचे तो कामगार तिथे उतरत नाही. वस्तू टिकली आणि व्यवहार थांबला, याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

आता माझ्या मांडणीविरुद्ध जाणारे उदाहरण पाहू. उत्तर पेरूतले काहामार्का हे शहर देशातल्या कार्निव्हलची राजधानी म्हणवले जाते. तिथे शनिवारी ‘न्यो कार्नावालोन’ या कार्निव्हलच्या राजाचा भलामोठा भडक पुतळा रंग आणि पाण्याच्या माऱ्यात शहरात शिरतो. मंगळवारी त्याचे शव ठेवून जागरण होते, आणि काळ्या वेषातल्या ‘विधवा’ धाय मोकलून रडतात. राखेच्या बुधवारी जवळच्या बान्योस देल इंका या गावी त्याचा अंत्यविधी होतो. आधी त्याचे मृत्युपत्र वाचतात, ज्यात शहरातल्या अधिकाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना काय काय ठेवले ते चिमटे काढत सांगितलेले असते. नंतर पुतळा जाळतात. मिरवणूक, थट्टा, आग: फ्रेझर यांच्या पुस्तकातून उचलावे तसेच. इथे जमिनीचे देणे कुठे आहे?

याचे उत्तर त्याच कार्निव्हलमधल्या दुसऱ्या एका विधीत आहे. काहामार्कात याच दिवसांत ‘उन्शा’ उभारतात. अंगणात किंवा चौकात एक झाड रोवतात, त्याच्या फांद्यांना भेटवस्तू, फुगे आणि कागदी फिती लटकवतात. जोड्या त्याभोवती नाचतात आणि पाळीपाळीने कुऱ्हाडीचा एकेक घाव घालतात. ज्या जोडीच्या घावाने झाड कोसळते, तिने पुढच्या वर्षीची उन्शा करायची. भेटी सगळ्यांनी लुटायच्या, आणि भार एका घरावर. शेवटचा घाव हेच इथले नवे कर्ज. हा नियम डोळ्यांसमोर ठेवून न्यो कार्नावालोनचे मृत्युपत्र पुन्हा वाचले तर ते वेगळे दिसते. मरणारा राजा काही तरी ठेवून जातो, नावे घेऊन ठेवून जातो, आणि ज्यांची नावे घेतली त्यांना सर्वांसमक्ष जबाबदार धरतो. ज्या शहरात 1532 मध्ये आतावाल्पा या इंका राजाला पकडले आणि खोलीभर सोन्याची खंडणी घेऊनही 1533 मध्ये ठार मारले, त्या शहरात राजाच्या मरणाचा आणि देण्याघेण्याचा विधी दरवर्षी व्हावा, याला वजन आहे. दोन्हींमध्ये थेट धागा आहे असा दावा मी करत नाही. पण जिथे एवढा मोठा करार मोडला गेला, तिथे लोक दर वर्षी करार जाहीरपणे वाचतात, हे नुसते मनोरंजन म्हणून सोडून देता येत नाही.

हेच पंचांग आपल्याकडेही आले. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात कार्निव्हल आला आणि त्याचा राजा मोमोही आला. पण गोव्यातला मोमो जिवंत माणूस असतो. शनिवारी पणजीत तो आपले फर्मान वाचतो आणि मौजेचे राज्य सुरू करतो. गोव्यातला जळणारा पुतळा नरकासुराचा, आणि त्याची वेळ दिवाळीची पहाट. एकाच आयबेरियन पंचांगाच्या दोन टोकांना हे असे झाले. सण साम्राज्य लादू शकते. पुतळा कोणाचा करायचा, त्याला मातीत द्यायचे की आगीत, हे मात्र त्या त्या ठिकाणचे लोक आपल्या पावसापाण्याकडे आणि आपल्या पूर्वजांकडे पाहून ठरवतात. म्हणून ‘कार्निव्हलचा पुतळा’ अशी एकच जागतिक जात मानणे चुकीचे आहे.

मग वारसा जपायचा तो नेमका कसा? ओरुरोच्या कार्निव्हलला युनेस्कोने 2001 मध्ये मौखिक आणि अमूर्त वारशाची उत्कृष्ट कृती म्हणून गौरवले आणि 2008 मध्ये यादीत घेतले. उमावाकाची दरी 2003 मध्ये जागतिक वारसा झाली. 2017 मध्ये ला पास शहरातल्या आलासितास उत्सवातल्या विधियात्राही यादीत आल्या. या गौरवाचा अभिमान खरा आहे. शतकानुशतके ज्यांच्या विधींना अंधश्रद्धा आणि मागासपणा म्हटले गेले, त्यांना जगाने मान दिला. तो मान मी कमी लेखत नाही. पण मान मिळताच एक प्रश्न विचारला जातो की ही परंपरा कोणाची. त्याचे उत्तर लगेच राष्ट्राच्या नावाने दिले जाते. 2009 मध्ये विश्वसुंदरी स्पर्धेत पेरूच्या स्पर्धकाने ओरुरोच्या कार्निव्हलमध्येही नाचल्या जाणाऱ्या सैतान नृत्याचा वेष घातला, तेव्हा बोलिव्हियाने सरकारी पातळीवर निषेध नोंदवला. तितिकाका सरोवराच्या दोन्ही काठांवर आयमारा लोक राहतात, आणि नाच दोन्हीकडे नाचला जातो. तीओला खाऊ घालणाऱ्या कामगाराला या वादात कोणी काही विचारले नाही.

एकेकोची गोष्ट यापेक्षा चांगली आहे. एकेको हा आलासितासचा देव: गुटगुटीत, मिशाळ, दोन्ही हात पसरलेला, अंगभर पोती, भांडी आणि नोटांची पुडकी लटकवलेला छोटा पुतळा. 24 जानेवारीच्या दुपारी लोक छोटे घर, छोटी गाडी, छोटे पदवीपत्र, छोट्या नोटा विकत घेतात, आयमारा पुरोहिताकडून धूर आणि दारू शिंपडून घेतात, पुष्कळजण नंतर चर्चमध्येही नेतात. घरातल्या एकेकोला सिगारेट द्यावी लागते, नाहीतर तो रुसतो. 1858 मध्ये स्विस प्रवासी योहान याकोब फोन चुडी यांनी तिवानाकूहून एक प्राचीन दगडी मूर्ती नेली, आणि ती बर्नच्या संग्रहालयात गेली. बोलिव्हियात ती एकेकोची पूर्वज मानली जाते. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये ती बोलिव्हियाला परत मिळाली. दीडशे वर्षांहून अधिक काळ परदेशात ती सुरक्षित होती, यात शंका नाही. पण त्या काळात एकेको जिवंत राहिला तो बाजारातल्या प्लास्टरच्या पुतळ्यांमुळे. ते फुटतात, रंग उडतो, नवे आणावे लागतात. मूर्ती परत येणे हा न्याय झाला. तरी नाते टिकवण्याचे काम त्या तकलादू पुतळ्यांनीच केले होते.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. पुतळा जपण्यापेक्षा व्यवहार जपा, हे म्हणायला सोपे आहे. पण तरुण शहरात गेले, शेती सुटली, काही गावांनी पंथ बदलून कार्निव्हलच सोडला, तर नोंद तरी राहायला नको का? राहायला हवी. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, संग्रहालये यांच्याशिवाय आपल्याला यातले पुष्कळ कळलेच नसते, आणि मीही त्याच आधाराने लिहितो आहे. माझे म्हणणे एवढेच की नोंद ही शेवटची तजवीज आहे, आणि ती मुख्य काम म्हणून मिरवली जाऊ नये. अमूर्त वारशाबद्दलच्या युनेस्कोच्या 2003 च्या करारातही वारसा समुदायांकडून सतत नव्याने घडवला जातो हे तत्त्व आहे. तत्त्व कागदावर आहे, आणि पैसा मात्र मिरवणुकीच्या प्रेक्षकसज्जांकडे वळतो.

उमावाकाच्या दरीत हे अंतर फारच कठोरपणे दिसले. पाचामामा आणि कार्निव्हलचे सैतान हुहुयच्या पर्यटनाचा चेहरा आहेत. त्याच प्रांतात जून 2023 मध्ये प्रांताच्या घटनेत घाईने बदल करण्यात आले. आदिवासी समुदायांनी रस्ते अडवले. त्यांचे म्हणणे होते की या बदलांमुळे जमिनीवरचे त्यांचे हक्क आणि निषेध करण्याचा हक्क धोक्यात येतो. लिथियमच्या खाणींसाठी लागणाऱ्या पाण्याची भीतीही त्यामागे होती. पुर्मामार्काच्या रस्त्यावर पोलिसांनी रबरी गोळ्या झाडल्या. त्यानंतर समुदायांनी शांततेचा तिसरा मोर्चा काढला आणि तो 1 ऑगस्टला, पाचामामाच्या दिवशी, ब्वेनोस आयरेसला पोचला. पहिला मोर्चा 1946 मध्ये जमिनीसाठीच निघाला होता. ज्यांच्या हातून बाहुला जमिनीत ठेवला जातो, त्यांची जमीनच ताब्यात राहिली नाही, तर त्या बाहुल्याला पुरायचे कुठे? त्याला खाऊ घालण्याचे कारण तरी काय उरेल? दरीला जागतिक वारशाचा दर्जा देणाऱ्यांनी हा प्रश्न राजकारण म्हणून बाजूला ठेवू नये. या परंपरेत जमीन आणि पाणी हा पार्श्वभूमीचा भाग नाही. करार त्यांच्याशीच झालेला आहे.

म्हणून सरकारांनी आणि संस्थांनी जपणुकीची कसोटी बदलावी. उत्सवाला किती प्रेक्षक आले, पोशाख किती मूळ स्वरूपात राहिला, पुतळा किती उंच झाला, या मोजमापांआधी तीन गोष्टी विचाराव्यात. पुतळा कोणत्या दिवशी बाहेर काढायचा आणि कोणत्या दिवशी संपवायचा, हे अजून गावच ठरवते का? त्याला वाहायचे अन्न गावाच्याच शेतात पिकते का, निदान पिकवण्याची मुभा तरी आहे का? आणि तो करणाऱ्यांना तो वेगळा करण्याची, लहान करण्याची, एखाद्या वर्षी न करण्याचीही मोकळीक आहे का? या तिन्हींना होकार असेल, तर पुतळा जाळला तरी परंपरा सुरक्षित आहे. नकार असेल, तर तो कितीही झळझळीत रंगवलेला असला तरी ती संपत आली आहे.

अँडीजच्या लोकांचे दैवत एकदा दुसऱ्यांनी चौकात जाळले. त्यातून लोक उभे राहिले ते पुतळा लपवून आणि जमिनीशी हिशेब चालू ठेवून. त्यांना आज कौतुक भरपूर मिळते आहे. जमिनीवरचा, पाण्यावरचा आणि आपल्या सणाच्या शेवटावरचा त्यांचा हक्क मान्य केला, तरच त्या कौतुकाला अर्थ येईल.